ऑटोमॅटिक गाडीचे दुखणेबाणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला घराच्या उपयोगाचा एखादा विषय घ्यावा आणि त्यावर सभासदांपैकीच कोणी बोलावे, हा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी ‘जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स बिघडला तर काय करावे’ हा विषय मला दिला, तेव्हा काहीजणींनी नाके मुरडली. हा तर गॅरेजमधला विषय, मंडळात त्याचे काय काम, असे त्यांचे म्हणणे. विषय गॅरेजमधला आहे हे खरे. परंतु बिघाडाचा फटका बसतो तो घरच्या जमाखर्चाला, आणि त्याहूनही अधिक आपल्या जाण्यायेण्याला. म्हणून तो मंडळात बोलण्याजोगा आहे, असे मला वाटते.

आपल्या भागाचाच विचार करा. बोईसरला कारखाने, तारापूरला अणुवीज केंद्र, पालघरला १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्ह्याची कचेरी. २०१३ साली उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत येऊ लागल्या, त्यामुळे मुंबई जवळ आली. पण स्टेशनापासून घर, घरापासून दवाखाना, सासर-माहेरची गावे ही काही जवळ आली नाहीत. चिंचणी, नांदगाव, मुरबे, सातपाटी, केळवे येथून अवेळी निघायचे तर रिक्षाची वाट पाहणे आलेच. अशा वेळी घरात गाडी असून ती चालवता न येणे म्हणजे विहीर दारात आणि दोर शेजाऱ्याकडे, अशी गत होते.

आपल्यापैकी पुष्कळजणी चाळिशी-पन्नाशीनंतर गाडी शिकल्या. आधी का शिकल्या नाहीत? एक तर क्लचचे भय. वाघोबा घाटात चढावर गाडी थांबली आणि मागे घसरली तर काय करायचे, या धास्तीने कितीजणींनी शिकण्याचा नाद सोडला असेल! ऑटोमॅटिक गाडीने ते भय काढून टाकले. पूर्वी अशी गाडी म्हणजे श्रीमंती थाट होता. २०१४ च्या फेब्रुवारीत मारुतीची सेलेरिओ आपोआप गिअर बदलणारी म्हणून बाजारात आली, आणि तेव्हापासून अशा गाड्या मध्यम मिळकतीच्या घरांच्या आवाक्यात आल्या. त्या वेळच्या गाड्यांना आता दहा वर्षे उलटून गेली आहेत. कित्येकींच्या काट्याने लाखाचा आकडा ओलांडला आहे. काहीजणींनी तर मुंबईत दुसऱ्याने वापरलेली गाडीच विकत घेतली आहे. थोडक्यात, गाड्यांचे दुखण्याचे वय आले आहे.

दुखणे आले की घरात काय होते, ते आपण जाणतोच. गॅरेजवाला म्हणतो, ‘गिअरबॉक्स गेला’. तो जो आकडा सांगतो तो ऐकून घरातली सगळी गप्प होतात, कारण त्या पैशात दोन तोळ्यांचा विचार करता आला असता. मग निर्णय होतो, गाडी काढून टाका. गाडी जाते, आणि तिच्याबरोबर आपले चालवणेही जाते. पुन्हा प्रत्येक कामाला ‘मला जरा सोडता का’ असे विचारण्याची पाळी येते. म्हणून आज मी दोनच गोष्टी सांगणार आहे. गिअरबॉक्स सहसा एका दिवसात मरत नाही. तो आधी सांगतो, ते ओळखायला शिकावे. आणि तो गेला असे कोणी म्हटले, तरी तपासणीवाचून ते मानू नये.

आता हे यंत्र आहे तरी काय, ते थोडक्यात पाहू. सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या एका जातीच्या नसतात, आणि दुखण्याचे औषध जातीप्रमाणे बदलते.

पहिली जात जुनी आणि मुरलेली. तिच्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेली एक हंडी असते. तिला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल असते, इतकेच. ही कल्पना हेर्मान फोटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअराची. त्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले ते मोटारीसाठी नव्हे, तर जहाजासाठी. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो. त्या दोहोंचा मेळ त्याला घालायचा होता. आपल्या तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होऊ लागली ती वाफेच्या टर्बाइनवरच, तेव्हा टर्बाइन हा शब्द येथे कोणाला नवा नाही. पुढे १९३९ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सने ओल्ड्समोबाइल गाडीत तेलावर चालणारा आपोआप गिअर बसवला, आणि मग तो मोटारींत रूढ झाला. या जातीत गिअर बदलण्याचे काम तेलाच्या दाबाने होते. आत बांगड्यांसारख्या चपट्या चकत्या एकमेकींवर रचलेल्या असतात, त्यांवर कागदासारखे अस्तर असते. तेलाने त्या दाबल्या की गिअर पडतो.

दुसरी जात सीव्हीटी. हिच्यात पायरीपायरीचे गिअरच नाहीत. दोन कप्प्यांवरून पोलादी पट्टा फिरतो आणि कप्पे आकाराने लहानमोठे होतात. १९५८ साली हॉलंडमधल्या डाफ कंपनीने अशी छोटी गाडी काढली, तेव्हा पट्टा रबराचा होता. चालवायला ही जात लोण्यासारखी, पण तेलाच्या बाबतीत मोठी मानी.

तिसरी जात एएमटी. आपल्याकडच्या स्वस्त गाड्या बहुधा याच जातीच्या. हा मुळात साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच. फक्त क्लच दाबणे आणि गिअर टाकणे हे काम आपल्या हातापायांऐवजी यंत्र करते. म्हणून हिचे दुखणे पुष्कळदा साध्या क्लचप्लेटचे असते आणि खर्च त्या मानाने आटोपशीर असतो. चौथी जात दोन क्लचची. ती चपळ असते. पण तिच्यातील कोरड्या क्लचच्या प्रकाराला गर्दीत मुंगीच्या पावलाने सरकणे मानवत नाही, क्लच तापतात.

आपली गाडी यांपैकी कोणत्या जातीची, हे प्रत्येकीने आज घरी जाऊन गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात पाहावे. गॅरेजवाल्याने ‘गिअरबॉक्स’ म्हटल्यावर आपल्याला एवढे तरी विचारता यावे की, हा एएमटीचा क्लच गेला म्हणता, की आतले काही?

आता तेलाविषयी. पहिल्या दोन जातींत तेल हेच सर्व काही. तेच ताकद पोहोचवते, तेच दाब देते, तेच थंड ठेवते, तेच वंगण. एकेकाळी या तेलात स्पर्म व्हेल या महाकाय समुद्रप्राण्याचे तेल मिसळत असत. इतके गुणकारी वंगण दुसरे नव्हते. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत व्हेलच्या तेलावर बंदी आली आणि कंपन्यांना नवे रासायनिक मिश्रण शोधावे लागले. सांगण्याचा हेतू असा, की हे तेल साध्या इंजिन ऑइलासारखे नाही. सीव्हीटीत सीव्हीटीचेच, आणि तेही पुस्तकात लिहिलेल्या प्रकारचेच घालावे लागते. ‘सगळी तेले सारखीच हो’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या हाती गाडी देऊ नये. कढीत गोडेतेल ओतून तूप म्हणून वाढण्यासारखे आहे ते. फरक इतकाच की कढी फेकून देता येते.

ऑटोमॅटिकचे नवे तेल बहुधा लाल असते, कोकमाच्या आगळासारखे. गळती झाली तर इंजिनच्या तेलापासून ते वेगळे ओळखता यावे म्हणून कंपन्या मुद्दाम रंग घालतात. काही प्रकारांचा रंग हिरवट किंवा पिवळसरही असतो. वापराने ते तपकिरी होत जाते. ते काळ्या चहासारखे झाले आणि त्याला करपल्याचा वास येऊ लागला, तर आतल्या चकत्यांचे अस्तर जळू लागले असे समजावे. आणि ते कधी सोलकढीसारखे गुलाबी दुधाळ दिसले, तर गाडी तेथेच थांबवावी. रेडिएटरमधले पाणी गिअरच्या तेलात शिरले आहे. ज्या गाड्यांत गिअरचे तेल रेडिएटरमधल्याच नळीत थंड होते, त्यांत ती नळी गंजून असे घडते. चिंचणी-तारापूरपासून केळव्यापर्यंत समुद्राचा खारा वारा लोखंडाला कसा खातो, ते आपल्या खिडक्यांच्या गजांवर आपण पाहतोच. गाडीच्या पोटाखालच्या नळ्याही लोखंडाच्याच असतात. म्हणून किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, गाडी वर चढवून नळ्या पाहून घ्याव्यात आणि खालून गोड्या पाण्याने धुवाव्यात.

काही गाड्यांबाबत सांगतात की गिअरचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही. यात आयुष्य कोणाचे, हे विचारून घ्यावे. उष्ण हवा, घाट, खड्डे आणि गर्दी असलेल्या भागात साधारण ४० ते ६० हजार किलोमीटरला तेल बदलावे, असे जाणते मेकॅनिक सांगतात. पुस्तकात याहून कमी आकडा असेल, तर तो पाळावा. उष्णतेचा ठोकताळा ध्यानात ठेवण्यासारखा आहे: तेलाचे तापमान नेहमीपेक्षा दहा-अकरा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. कंपनी सुटण्याच्या वेळी बोईसरच्या गर्दीत तासभर अडकलेली गाडी हमरस्त्यावर धावलेल्या गाडीपेक्षा अधिक म्हातारी होते, ती अशी.

ज्या गाडीचे तेल लाखभर किलोमीटरपर्यंत कधीच बदललेले नाही, तिचे काय करावे? येथे घाई नको. यंत्राच्या दाबाने सगळे तेल एकदम ढकलून बाहेर काढले, तर तळाचा गाळ उठून बारीक वाटांत अडकण्याचे भय असते. त्यापेक्षा खालचा बोल्ट उघडून जेवढे निघेल तेवढे काढावे आणि तेवढेच नवे भरावे. असे एका वेळी तिसरा हिस्सा ते निम्मे तेल बदलते. थोडे दिवस गाडी चालवून पुन्हा तसेच करावे. दोन-तीन वेळांत बहुतेक तेल नवे होते. गाळणी बदलण्याजोगी असेल, तर तीही बदलावी.

आता गाडी आधी काय काय सांगते, ते पाहू.

सकाळी गाडी सुरू करून ‘डी’ मध्ये टाकली आणि ती लगेच न घेता दोन-तीन सेकंद विचार करत राहिली, ही पहिली खूण. एक्सलेटर दाबला, इंजिनचा आवाज वाढला, पण वेग वाढला नाही, तर आत काहीतरी घसरते आहे, ही दुसरी. गिअर बदलताना ढुंगणाखालून कोणी ढकलल्यासारखा धक्का बसणे, ही तिसरी. साधारण ४० ते ६० च्या वेगात, पाय स्थिर असताना, गाडी दगडी रस्त्यावरून गेल्यासारखी थरथरणे, ही चौथी. घोंघावणारा नवा आवाज, ही पाचवी. आणि गाडी उभी असते त्या जागी फरशीवर लाल डाग. एसीचे पाणीही गळते, म्हणून रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरावा. सकाळी पाण्याचा डाग वाळतो, तेलाचा राहतो.

शेवटी गाडी स्वतःच सावध होते. दिवा लागतो आणि ती एकाच गिअरमध्ये अडकून सावकाश चालू लागते. पुष्कळांना वाटते, झाले, संपले. वस्तुतः गाडीतला संगणक मोठे नुकसान टाळावे म्हणून तसे करतो. अशा वेळी सावकाश जवळच्या सुरक्षित जागी न्यावी. ‘घरापर्यंत तर जाईल’ म्हणून मनोरहून पालघरपर्यंत ताणू नये.

यातली एखादी खूण दिसली की तारीख आणि काट्यावरचा आकडा वहीत लिहावा. गाडी गार होती की गरम, चढ होता की सपाट, कोणत्या वेगाला झाले, हेही लिहावे. पोराला ताप आला तर आपण डॉक्टरांना ‘दुपारी चढतो, रात्री उतरतो’ असे सांगतोच ना? मेकॅनिकलाही त्याच माहितीची गरज असते. ती वही घेऊन गेलेल्या बाईशी तो वेगळ्या सुरात बोलतो, हा माझा अनुभव आहे.

आता दुसरी गोष्ट, तपासणी. तिचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. प्रथम बॅटरी आणि तिच्या तारा. बॅटरी अशक्त झाली तर संगणक गोंधळतो आणि गिअरचा नसलेला दोष दाखवतो. मग ब्रेकच्या दिव्याचे बटण. ब्रेक दाबल्याचा निरोप पोहोचला नाही, तर दांडा ‘पी’ मधून हलतच नाही. माझ्या ओळखीच्या एका बोईसरच्या भगिनीला याच कारणासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल असे सांगण्यात आले होते. बिघडले होते ते एवढेसे बटण. त्यानंतर इंजिन ज्यांवर बसवलेले असते ती रबरी माउंटिंग. ती फाटली की गिअर टाकताना गाडी दणका देते आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी येतो. नंतर तेलाची पातळी आणि रंग. तेल पाहण्याची रीत गाडीगाडीत निराळी असते. काहींत इंजिन चालू ठेवून पाहतात, काहींत बंद करून लगेच, आणि काहींत पट्टीच नसते. म्हणून पुस्तक पाहून करावे. मग स्कॅनर लावून दोषांचे क्रमांक काढावेत. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पी-०७०० हा क्रमांक आला, तर त्याचा अर्थ ‘गिअरबॉक्स गेला’ असा नाही. ‘गिअरच्या संगणकाकडे एक तक्रार नोंदली आहे, ती वाचा’ एवढाच त्याचा अर्थ. खरी तक्रार पुढच्या क्रमांकात असते. सर्वांत शेवटी खालचे भांडे उघडून गाळ पाहावा. बारीक राखाडी पीठ म्हणजे वयाची झीज. चकचकीत तुकडे आणि कपच्या निघाल्या, तर मात्र दुखणे हाडापर्यंत गेले.

माझ्याच गाडीचे सांगते. एक लाख चाळीस हजारांच्या सुमारास ती सकाळी ‘डी’ घ्यायला वेळ लावू लागली. एका गॅरेजने स्कॅनरही न लावता संपूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगितला. मी म्हटले, ‘दादा, कोणती तपासणी केली ते बिलावर लिहून द्या, मग पुढचे ठरवू.’ त्यांनी लिहून दिले नाही. मीही गाडी ठेवली नाही. दुसऱ्या जागी भांडे उघडले. तेल काळे होते, धातूचे तुकडे नव्हते. तीन हप्त्यांत तेल बदलले, गाळणी बदलली, आणि तेलाची वाट उघडझाप करणारे एक सोलेनॉइड नवे घातले. गाडी आजही चालते. परंतु सगळ्याच गोष्टी अशा गोड होत नाहीत. आमच्या शेजारच्या घरी सीव्हीटी होती. तिच्या तेलात पोलादी कपच्या निघाल्या. पट्टा आणि कप्पे दोन्ही खाल्ले गेले होते. तेथे तेल बदलणे म्हणजे वाळल्या झाडाला पाणी घालणे होते.

असे खरोखरच झाले, तर मार्ग चार. पहिला, गिअरबॉक्स उघडून झिजलेले भाग बदलणे. यासाठी त्या जातीचे काम सतत करणारा कारागीर हवा. साध्या गिअरचा उत्तम मिस्त्रीही येथे चालेलच असे नाही. दुसरा, वापरलेला गिअरबॉक्स बसवणे. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात असे भाग मिळतात. पण तो किती चाललेल्या गाडीतून काढला आणि हमी किती दिवसांची, हे कागदावर हवे. तिसरा, कंपनीचा नवा; हा सर्वांत महाग. चौथा, आहे त्या स्थितीत गाडी विकणे.

निवड करताना भावनेपेक्षा वही उघडावी. एका बाजूला, गाडी धडधाकट असती तर आज बाजारात तिची काय किंमत आली असती ती लिहावी. दुसऱ्या बाजूला दुरुस्तीचा लेखी आकडा, आणि त्याखाली येत्या दोन वर्षांत लागणारे टायर, बॅटरी, सस्पेन्शन. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल, तर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचाही खर्च धरावा. जिल्हा होण्यापूर्वीच्या ठाण्याच्या ‘एमएच-०४’ पाटीच्या ज्या गाड्या आपल्याकडे आहेत, त्यांचे ते वय आलेच आहे. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या निम्म्याच्या आत असेल आणि इंजिन व सांगाडा निरोगी असेल, तर मी दुरुस्तीच्या बाजूने मत देईन. किमतीच्या जवळ गेला, तर गाडीला निरोप द्यावा. आमच्या शेजारणीने तेच केले. मात्र तिने घरात एक अट घातली. मोडीच्या पैशात भर घालून लहानशी का होईना, पण वापरलेली एएमटी आणायची. ती आली, आणि आजही ती स्वतः आईला घेऊन दवाखान्यात जाते. गाडी काढली तरी चालवणे काढू नये, असे माझे सांगणे आहे.

विम्याविषयी एक वाक्य. नेहमीच्या विम्यात झिजेने झालेला बिघाड येत नाही. पुराचे पाणी शिरून झालेले नुकसान येऊ शकते. पण पाणी शिरल्यावर गाडी चालू करून नुकसान वाढवले, तर कंपनी हात झटकते. पावसाळ्यात चाकांच्या मध्यापर्यंत पाणी चढले असेल, तर गाडी चालू न करता आधी गिअरचे तेल तपासून घ्यावे.

आणि रस्त्यात बंद पडली तर? ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, तेव्हा भल्या लोकांना तसदी देऊ नये. दुसरे, दोर बांधून टोचन करून नेऊ देऊ नये. तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली, तर आतले भाग तेलावाचून घासतात, आणि वाचला असता तो गिअरबॉक्सही जातो. सपाट फळीच्या गाडीवर चढवूनच न्यावी. ते अगदीच अशक्य असेल, तर ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते ती, म्हणजे आपल्या लहान गाड्यांत पुढची, उचलून घ्यावीत. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर असाल, तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. तो आज येथेच मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

रोजच्या सवयी थोड्याच, पण फळ मोठे देतात. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय ‘आर’ वरून ‘डी’ वर जाऊ नये. चढावर गाडी एक्सलेटरवर तोलून धरू नये, ब्रेकवर धरावी. एएमटी आणि दोन क्लचच्या गाडीला हे विशेष लागू. वाघोबा घाट उतरताना खालचा गिअर लावावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. उतारावर ‘एन’ मध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवण्याचा मोह टाळावा. उभी करताना ब्रेकवर पाय ठेवून ‘एन’, मग हँडब्रेक, मग पाय सैल करून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यावी आणि नंतर ‘पी’. नाहीतर सगळा भार ‘पी’ च्या एका लहानशा खिट्टीवर पडतो.

मैत्रिणींनो, आपण घरातले दूध उतू जायच्या आधी आवाजावरून ओळखतो, शिटीवरून कुकरचे वायसर गेल्याचे सांगतो. तोच कान आणि तेच नाक गाडीलाही लागते. त्यासाठी वेगळे शिक्षण घ्यावे लागत नाही. गॅरेजमध्ये जाताना संकोच करू नये. तपासणी कोणती केली, ते लेखी मागावे, काढलेला जुना भाग पाहायला मागावा, आणि निर्णयाच्या वेळी आपण स्वतः तेथे असावे. ज्यांना आपल्या गाडीच्या पुस्तकातले समजत नसेल, त्यांनी ते मंडळात घेऊन यावे. आपण मिळून वाचू.